आकाशातील धोंडा आणि टक्क्यांचे गणित

(सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर येथे शिक्षक, शेतकरी आणि औद्योगिक वसाहतीतील कामगार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२५ सालच्या जानेवारीअखेर एक वार्ता जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली आणि पाठोपाठ भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरू लागली. अवकाशातून एक धोंडा येत आहे, २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे आणि ज्या प्रदेशांवर तो पडू शकेल त्यांत मुंबईचेही नाव आहे, अशी ती वार्ता होती. प्रथम एक टक्का संभव सांगण्यात आला. पुढे तो दोन टक्क्यांवर गेला. १८ फेब्रुवारी रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने ३.१ टक्के हा आकडा दिला. दुसऱ्या दिवशी तो १.५ वर उतरला, २० फेब्रुवारीस ०.२८ झाला आणि २४ फेब्रुवारीस ०.००४ टक्के, म्हणजे व्यवहारतः शून्य, इतका खाली आला.

आठवड्याभरात तीन टक्क्यांचे शून्य झालेले पाहून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचबरोबर, ‘या शास्त्रज्ञांनाच काही ठाऊक नसते, आज एक सांगतात, उद्या दुसरे’ असा निष्कर्ष काढणारेही निघाले. हा निष्कर्ष चुकीचा आहे. किंबहुना धोंड्यापेक्षा तोच अधिक घातक ठरण्याचा संभव आहे. कारण अशा वार्ता यापुढे वरचेवर येणार आहेत. ज्याने या खेपेस आकड्याची चेष्टा केली तो पुढील खेपेस आकड्याकडे ढुंकूनही पाहणार नाही, आणि ज्याने या खेपेस धसका घेतला तो पुढील खेपेस अफवेचा पहिला वाहक होईल. १९७९ च्या जुलै महिन्यात ‘स्कायलॅब’ ही अमेरिकेची अवकाश-प्रयोगशाळा कोसळणार म्हणून आपल्या देशात केवढी घबराट उडाली होती, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिचे तुकडे अखेर ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात आणि समुद्रात पडले. तेव्हा हे टक्के कसे निघतात, ते वाढतात का आणि अकस्मात घसरतात का, हे एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या धोंड्याचे नाव ‘२०२४ वाय आर ४’. नाव कानाला रुक्ष वाटते, परंतु ते सातबाऱ्यावरील गट क्रमांकासारखे आहे. आरंभी वर्ष. पुढील ‘वाय’ हे अक्षर डिसेंबरचा उत्तरार्ध दर्शविते, आणि ‘आर ४’ म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदला गेलेला ११७ वा लघुग्रह. एका पंधरवड्यात शंभराहून अधिक नोंदी! यावरून आकाशात किती बारीक शोध चालू आहे याची कल्पना येईल. चिली देशातील रिओ उर्तादो येथे ‘अॅटलास’ या शोधयोजनेची एक दुर्बीण आहे. तिने २७ डिसेंबर २०२४ रोजी हा धोंडा प्रथम टिपला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्याच्या दोनच दिवस आधी, २५ डिसेंबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटर अंतरावरून, म्हणजे चंद्राच्या दुपटीहून थोड्या अधिक अंतरावरून, निघून गेला होता. पाहुणा दारावरून गेल्यावर त्याची पाठ दिसावी तसा हा प्रकार झाला. लहान लघुग्रहांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते.

त्याचा आकार प्रथम ४० ते ९० मीटर असा सांगितला गेला. इतका मोठा फरक का, असा प्रश्न कोणीही विचारील. दुर्बिणीला धोंडा दिसत नाही, दिसतो तो केवळ प्रकाशाचा ठिपका. पांढरट पृष्ठभागाचा लहान धोंडा आणि कोळशासारखा काळा मोठा धोंडा हे दोन्ही सारखेच तेजस्वी दिसू शकतात. उष्णता मोजल्याखेरीज त्यांतील भेद कळत नाही. ते काम पुढे मार्च २०२५ मध्ये ‘जेम्स वेब’ या अवकाशस्थ दुर्बिणीने केले आणि आकार सुमारे ६० मीटर असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे पंधरा-वीस मजली इमारतीएवढा.

एवढा धोंडा काय करू शकतो? महाराष्ट्राला याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. सुप्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांच्या आत बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आणि त्यातील खारे सरोवर पाहण्यास सहली नेहमीच जातात. लवणासुराच्या वधाची कथा त्या स्थळाशी जोडलेली आहे. ते विवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७० च्या दशकाच्या आरंभी विवराच्या तळातून वेधनाने काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाखेरीज उत्पन्न न होणाऱ्या काचेच्या खुणा सापडल्या आणि वाद मिटला. ज्या काळ्या पाषाणात पारनेर तालुक्यातील शेतकरी विहिरी खोदतो, त्याच जातीच्या पाषाणात लोणारचा खड्डा एका क्षणात पडला. तो केव्हा पडला याविषयी मात्र अद्याप एकमत नाही. एका पद्धतीने वय सुमारे ५० हजार वर्षे निघते, तर दुसरीने पावणेसहा लाखांच्या घरात जाते.

तथापि ६० मीटरचा प्रत्येक धोंडा लोणार करील असे नव्हे. अमेरिकेतील अॅरिझोना येथील १.२ किलोमीटरचे विवर सुमारे ५० मीटरच्या लोहमय अशनीने केले आहे. उलट ३० जून १९०८ रोजी सैबेरियातील तुंगुस्का येथे आलेला अशनी त्याच श्रेणीतला असूनही जमिनीपर्यंत पोचलाच नाही. तो हवेतच फुटला. खड्डा पडला नाही, पण सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरांतील अरण्य आडवे झाले. ‘२०२४ वाय आर ४’ सारखा धोंडा वस्तीवर फुटल्यास ५० किलोमीटरपर्यंत हानी पोचू शकेल, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा अंदाज होता. सुप्याभोवती ५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ कल्पनेने काढले तर त्यात पारनेर, शिरूर, राळेगणसिद्धी आणि अहिल्यानगर शहर ही सर्व येतात. यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानात येईल. असा धोंडा जगाचा अंत करीत नाही. परंतु एखादा जिल्हा उद्ध्वस्त करू शकतो.

आता टक्क्यांच्या गणिताकडे वळू.

शेतजमिनीच्या मोजणीचा अनुभव येथे पुष्कळांना आहे. बांधावर दोन खुंट्या ठोकल्या आणि त्यांवरून नजर लावून समोर मैलभर रेषा वाढविली, तर ती कोठे जाईल? दोन खुंट्यांत शंभर फुटांचे अंतर असेल तर रेषा बऱ्यापैकी नेमकी जाईल. खुंट्या वीतभर अंतरावर असतील तर एका खुंटीची बोटभर चूकही मैलाच्या टोकाशी कित्येक शेते ओलांडून जाईल. लघुग्रहाची कक्षा ठरविणे हे असेच काम आहे. पहिला वेध ही पहिली खुंटी, अखेरचा वेध ही दुसरी. ‘२०२४ वाय आर ४’ च्या बाबतीत जानेवारीअखेर या दोन खुंट्यांत जेमतेम एक महिन्याचे अंतर होते, आणि त्यावरून सुमारे आठ वर्षे पुढची रेषा ओढावयाची होती.

शिवाय लक्ष्यही स्थिर नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावत आहे. स्वतःच्या व्यासाइतके अंतर ती सुमारे सात मिनिटांत ओलांडते. म्हणजे दोघांच्या वाटा जेथे एकमेकींना छेदतात त्या चौकात धोंडा सात मिनिटे आधी आला काय किंवा उशिरा आला काय, टक्कर टळते. नगर–पुणे महामार्ग ओलांडणाऱ्या माणसाला एस. टी. सात मिनिटे उशिरा आल्याचा हिशेब नसतो. येथे मात्र आठ वर्षांनंतरच्या सात मिनिटांवर सारे अवलंबून होते. त्यातच सूर्याच्या उन्हाने तापलेला धोंडा उष्णता बाहेर टाकतो, त्या उष्णतेच्या रेट्यानेही त्याची गती सूक्ष्म प्रमाणात बदलते. इतक्या अडचणी असताना ‘आदळेल’ किंवा ‘आदळणार नाही’ असे ठामपणे सांगणारा ज्योतिषी असू शकेल, शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञ टक्के सांगतो.

हे टक्के वाढतात कसे, ते एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, शंभर एकरांच्या माळावर एक मेंढी चुकली आहे. त्या माळावर एक एकराचे, प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आहे. अशा तळ्यात पडलेल्या जनावराला निसरड्या कागदावरून वर येता येत नाही, हे दुष्काळी भागातील प्रत्येकास ठाऊक आहे. मेंढी माळावर कोठे आहे याचा काहीच मागमूस नाही. ती तळ्यात असण्याचा संभव किती? शंभरात एक, म्हणजे एक टक्का. आता शोध घेणाऱ्यांनी पन्नास एकर धुंडाळले. तेथे मेंढी नाही, आणि तळे उरलेल्या पन्नासांत आहे. संभव दोन टक्के झाला. आणखी अठरा एकर पाहून झाले, बत्तीस एकर उरले, तळे अजून आतच. संभव बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के. मेंढी तळ्याकडे एक पाऊलही सरकलेली नाही. वाढली आहे ती शोध घेणाऱ्यांची माहिती. आणि मग पुढच्या दहा एकरांचा शोध लागतो, त्यात तळ्याचाही काठ येतो, पाणी स्वच्छ दिसते, आणि संभव एकदम कोसळतो.

नेमके हेच १८ ते २४ फेब्रुवारी २०२५ या आठवड्यात घडले. धोंडा डिसेंबर २०३२ मध्ये ज्या पट्ट्यात कोठेही असू शकला असता, तो पट्टा प्रत्येक नव्या वेधानिशी आखूड होत गेला. जोवर पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर टक्का चढत राहिला. पट्ट्याचे टोक पृथ्वीवरून सरकताच तो घसरला. अशा पट्ट्याची हद्द तारेच्या कुंपणासारखी रेखीव नसते, कडेकडेने ती विरळ होत जाते. म्हणूनच घसरण एका रात्रीत शून्यावर न येता चार-सहा दिवसांत झाली. मध्यंतरी १२ फेब्रुवारीच्या माघ पौर्णिमेच्या सुमारास चंद्राच्या उजेडात हा मंद ठिपका दिसेनासा झाला होता आणि वेध घेण्याचे काम अडले होते. त्या दिवसांत जगभर जी अस्वस्थता वाढली तिला कारण, एका अर्थाने, पौर्णिमेचे चांदणे होते!

म्हणून ३.१ टक्के हा आकडा चुकला होता असे म्हणता येत नाही. त्या दिवशीच्या माहितीवर तो बरोबर होता. हा टक्का धोंड्याचा गुणधर्म नव्हे. धोंडा तर त्या दिवशीही आपल्या ठरल्या वाटेनेच चालला होता. टक्का हे मनुष्याच्या अज्ञानाचे माप आहे, आणि ते माप प्रामाणिकपणे जाहीर करण्यात आले, हीच त्यातील विशेष गोष्ट. शंभरात सत्त्याण्णव वेळा न होणारी गोष्ट झाली नाही, यात नवल ते काय?

मुंबईच्या नावाविषयीही खुलासा आवश्यक आहे. टक्कर झालीच तर ती कोणत्या पट्ट्यात होऊ शकेल हे त्या वेळी काढण्यात आले होते. तो पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत पसरलेला होता. त्याचा मोठा भाग पाण्यावरून किंवा विरळ वस्तीवरून जात होता. ३.१ टक्के हा संभव ‘पृथ्वीवर, या पट्ट्यात कोठेतरी’ या घटनेचा होता. ‘मुंबईवर’ या घटनेचा नव्हता. एखाद्या शहराच्या वाट्यास त्यातील फारच लहान अंश येत होता. वार्ता देताना हे वाक्य बहुधा गाळले जाते. ते गाळले की तीन टक्के मुंबईच्या माथी बसतात, आणि मुंबईत मुलगा कामाला असलेली पारनेरची माउली रात्रभर जागी राहते.

यापूर्वीही असाच प्रसंग आला होता. डिसेंबर २००४ मध्ये ‘अपोफिस’ या सुमारे साडेतीनशे मीटरच्या लघुग्रहाचा २०२९ मधील टकरीचा संभव २.७ टक्क्यांपर्यंत चढला. इटलीतील तुरिन शहराच्या नावाने ओळखली जाणारी शून्य ते दहा अशी एक धोकापट्टी १९९९ पासून वापरात आहे. तीवर अपोफिस चौथ्या पायरीपर्यंत गेला. त्याहून वर आजवर कोणीही गेलेले नाही. ‘२०२४ वाय आर ४’ तिसऱ्या पायरीपर्यंत गेला होता. अपोफिसच्या वेळी सुटका केली ती जुन्या छायाचित्रांनी. मार्च २००४ मध्ये घेतलेल्या चित्रांत तो नकळत आलेला होता, परंतु कोणाच्या लक्षात आला नव्हता. ती चित्रे शोधून काढताच खुंट्यांमधील अंतर एकदम वाढले आणि रेषा पृथ्वीच्या बाजूने निघून गेली. आता भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. दळणवळणाचे आणि हवामानाचे आपले स्थिर उपग्रह याहून उंचावर आहेत. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातील लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल, आणि तो आदळणार नाही हे निश्चित झाले आहे. त्याच निमित्ताने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२९ हे वर्ष लघुग्रहांविषयी जागृती आणि पृथ्वीच्या संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे.

साठ मीटरच्या धोंड्यांविषयी एवढे झाले. त्याहून लहान, दहा-वीस मीटरचे धोंडे अधिक संख्येने आहेत, अधिक वेळा येतात आणि बहुधा न सांगता येतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे २० मीटरचा एक अशनी सूर्याच्या दिशेकडून आला. त्या दिशेला दुर्बिणी पाहू शकत नाहीत; त्यामुळे कोणालाही पूर्वसूचना मिळाली नाही. जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर तो फुटला. त्यात कोणी दगावले नाही, परंतु सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, ते बहुतेक काचांनी. प्रकाशाचा झगझगाट आधी झाला आणि हवेचा धक्का दोन मिनिटांहून अधिक काळाने आला. या मधल्या वेळात लोक काय दिसले ते पाहण्यासाठी खिडक्यांशी जाऊन उभे राहिले, आणि काचा फुटल्या त्या त्यांच्याच चेहऱ्यांवर. त्याच शहरात एका शिक्षिकेने मात्र प्रकाश दिसताच चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली जाण्यास सांगितले. त्यांतील एकासही इजा झाली नाही; ती स्वतः काचेने जखमी झाली.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठमोठ्या काचा आणि पत्र्यांची छपरे असलेल्या इमारती आहेत, गावात शाळा आहेत. म्हणून ही एक गोष्ट येथील शिक्षकांनी आणि सुरक्षा अधिकाऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. आकाशात सूर्यासारखा लखलखाट झाला तर खिडकीकडे जाऊ नये. भिंतीच्या आडोशाला, टेबलाखाली किंवा बाकाखाली बसावे, चेहरा झाकावा आणि निदान पाच मिनिटे तेथून उठू नये. विजेपाठोपाठ गडगडाट येतो हे लहान मुलालाही कळते. त्यापलीकडचे काही विशेष शास्त्र यात नाही. यासाठी कोणतीही सामग्री लागत नाही आणि एक पैसाही खर्च येत नाही.

असे लहान धोंडे हुडकण्याच्या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १६ ऑगस्ट २०२० रोजी ‘२०२० क्यू जी’ हा तीन ते सहा मीटरचा लघुग्रह दक्षिण हिंदी महासागरावर पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. तोवर नोंदल्या गेलेल्या, पण पृथ्वीवर न पडलेल्या लघुग्रहांत इतक्या जवळून दुसरा कोणी गेला नव्हता. अमेरिकेतील पालोमार येथील दुर्बिणीच्या चित्रांत त्याची पुसट रेघ ओळखणाऱ्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे कुणाल देशमुख आणि कृती शर्मा हे दोन विद्यार्थी होते. तोही निघून गेल्यावर सुमारे सहा तासांनी सापडला, हे खरे. पण मुंबईत बसून, कॅलिफोर्नियातील दुर्बिणीची चित्रे चाळून, हिंदी महासागरावरून गेलेला धोंडा हुडकता येतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. याच संस्थेने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेसह लडाखमधील हानले येथे ७० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण उभारली आहे आणि पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचे वेध घेणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. सुप्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. धोंडे शोधणे हे मात्र तिचे काम नव्हे. दूरच्या ताऱ्यांकडून आणि दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. या परिसरात काही जण दोहोंची गल्लत करतात म्हणून एवढे सांगितले.

आकाशातून आलेली प्रत्येक गोष्ट अशनी नसते, हेही सांगावयास हवे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे पडले ते खरेखुरे अशनी होते. परंतु २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून ज्या जळत्या रेघा दिसल्या त्या अग्निबाणाच्या अवशेषांच्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे पडले. अशनी क्षणार्धात चमकून जातो. असे अवशेष सावकाश, आडवे, अनेक तुकड्यांनी जाताना दिसतात. दोन्ही प्रसंगी नागरिकांचे कर्तव्य मात्र एकच आहे. पडलेल्या वस्तूस हात न लावता तलाठी, पोलीस पाटील किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना कळवावे. धोंडा घरी नेऊन त्याला शेंदूर लावला तर विज्ञान एका नमुन्याला मुकते.

मोठा धोंडा खरोखरीच येत असल्याचे ठरले तर काय करता येईल? २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ हे यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. तो आपल्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी घालीत असे. धडकेनंतर ही फेरी अर्ध्या तासाहून अधिक आखूड झाली. मनुष्याने एका खगोलाची गती बदलल्याचा हा पहिला दाखला. अर्थात हा उपाय करण्यास काही वर्षे हाती हवीत. आजचा लहानसा धक्का दहा वर्षांनी हजारो किलोमीटरांचा फरक पाडतो. शेवटच्या महिन्यात दिलेला धक्का व्यर्थ ठरतो. म्हणूनच एक टक्क्यावरच सूचना देण्याची पद्धत आहे. दहा मीटरहून मोठ्या धोंड्याचा संभव एक टक्क्यावर गेला की आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा यंत्रणा औपचारिक सूचना काढते. ‘२०२४ वाय आर ४’ विषयीची सूचना २९ जानेवारी २०२५ रोजी निघाली. ती घबराटीसाठी नव्हती, तर मोठ्या दुर्बिणींनी इतर कामे बाजूस ठेवून त्या ठिपक्याकडे वळावे यासाठी होती, आणि त्या वळल्या. विक्षेपाला वेळ उरला नाही तर मात्र उपाय एकच: वेळीच स्थलांतर. ते काम दुर्बिणींचे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये स्थापन झालेल्या जिल्हा प्राधिकरणाचे, तहसीलदारांचे आणि ग्रामपंचायतींचे ते काम आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या वेळी कोकण किनाऱ्यावरील वस्त्या हलविल्या गेल्या, त्याच जातीचे.

अशा सूचनांची संख्या आता वाढेल. पृथ्वीजवळच्या ज्ञात लघुग्रहांची संख्या नोव्हेंबर २०२५ मध्ये चाळीस हजारांपलीकडे गेली. चिलीतील नव्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्याच चित्रांत, सुमारे दहा तासांच्या निरीक्षणात, २,१०४ अज्ञात लघुग्रह दाखवून दिले. त्यांत सात पृथ्वीजवळचे होते. धोंडे वाढलेले नाहीत, दृष्टी वाढली आहे. पन्नास-साठ मीटरच्या धोंड्यांपैकी अजून फारच थोडे सापडले आहेत. उरलेल्यांपैकी प्रत्येकाचा शोध लागताना आरंभी खुंट्या जवळजवळच असणार, आणि काहींच्या बाबतीत टक्का काही दिवस चढणार.

खुद्द ‘२०२४ वाय आर ४’ चे पुढे काय झाले, हा प्रश्न उरतो. पृथ्वीची बाजू निश्चित झाली, तरी त्याच २२ डिसेंबर २०३२ रोजी तो चंद्रावर आदळण्याचा संभव २०२५ मध्ये गणितात राहिला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो ३.८ टक्के होता, जूनमध्ये ४.३ टक्के गणला गेला. हा चढही माळावरच्या मेंढीप्रमाणेच वाचावयाचा. २०२५ च्या वसंतात तो पृथ्वीवरील दुर्बिणींच्या पल्ल्याबाहेर गेला. सूर्याभोवती एक फेरी घालण्यास त्याला सुमारे चार वर्षे लागतात. त्यामुळे डिसेंबर २०२८ मध्ये तो पुन्हा पृथ्वीपासून सुमारे ८० लाख किलोमीटर अंतरावर येईल. त्या वेळी जगातील दुर्बिणी त्याचा वेध घेतील. पहिली खुंटी डिसेंबर २०२४ ची असेल, आणि दुसरी तीपासून चार वर्षांच्या अंतरावर ठोकली जाईल.